खानदेशातून रायफल घेऊन निघताना

जळगाव जिल्ह्यातल्या वरणगावला १९६४पासून काडतुसे तयार होतात. चीनच्या युद्धानंतर उभ्या राहिलेल्या या आयुध निर्माणीत ५.५६, ७.६२ आणि ९ मिलिमीटरची काडतुसे बनतात आणि ती लष्कराकडे, पोलिसांकडे जातात. तापी ओलांडून चोपड्यामार्गे सातपुड्यात शिरले, की हद्दीपलीकडे मध्य प्रदेशाच्या बडवानी जिल्ह्यातले उमर्टी लागते. या गावाची ओळख खानदेशातल्या वर्तमानपत्राच्या वाचकाला करून द्यावी लागत नाही. गावठी कट्टा पकडल्याच्या बातमीत ते वरचेवर असतेच. त्यामुळे आपल्याकडे बंदूक दोनच ठिकाणी शोभते असे लोक धरून चालतात: वर्दीवाल्याच्या खांद्यावर किंवा गुन्हेगाराच्या कमरेला. खेळाडू तिसरा. तो लांबट काळी पेटी घेऊन जळगावच्या फलाटावर उभा राहिला तर 'काय भो, बंदूक लिसन कथा चालना?' हा प्रश्न ठरलेला. उत्तर 'जर्मनीला, स्पर्धेला' असे आले, तर पुढचा प्रश्न विचारणाऱ्यालाही सुचत नाही.

हा संशय नुसता बातम्यांनी आलेला नाही, त्याला इतिहासही आहे. १८२५मध्ये इंग्रज अधिकारी जेम्स औट्रम धरणगावला आला, त्याने भिल्ल पलटण उभी केली आणि पुढची दहा वर्षे खानदेशात वाघांच्या शिकारीचा सपाटा लावला. तेव्हा इथली बंदूक साहेबाची होती. १८५७च्या उठावात भिल्लांचे पुढारी खाज्या नाईकांनी सेंधव्याच्या घाटात सत्तेला आव्हान दिले आणि एप्रिल १८५८मध्ये अंबापाणीला मोठी लढाई झाली. इकडे भिल्लांच्या हातातली हत्यारे इंग्रजांच्या डोळ्यांत सलत होती, आणि १८७८च्या शस्त्र कायद्याने देशभर परवान्याची साखळी घातली. स्वतंत्र भारताचा शस्त्र अधिनियम १९५९चा. तो १ ऑक्टोबर १९६२पासून लागू झाला. आज नियम चालतात ते २०१६चे.

खेळाची नेमबाजी मात्र या कायद्याच्या आधीची आहे, आणि तिच्या मुळाशी एक मराठी नाव आहे. लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर १९५१मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडियाचे पहिले अध्यक्ष होते. खादी घालणारा गांधीवादी माणूस रायफल संघटनेचा अध्यक्ष, ही गोष्ट मला नेहमी गमतीची वाटते. राष्ट्रीय स्पर्धेच्या आधीची पात्रता फेरी त्यांच्याच नावाने होत आली आहे. महाराष्ट्राने या खेळाला पुढे अंजली भागवत दिली, सुमा शिरूर दिली. २०१०मध्ये तेजस्विनी सावंत म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात विश्वविजेती झाली. राही सरनोबतने २०१८च्या आशियाई खेळांत सुवर्ण आणले, रुद्रांक्ष पाटील २०२२मध्ये कैरोला जगज्जेता ठरला. १ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्निल कुसाळे ४५१.४ गुणांसह ऑलिंपिक कांस्यपदक घेऊन उतरला. ऑलिंपिक पॅरिसचे असले, तरी नेमबाजी झाली तिथून अडीचशेहून अधिक किलोमीटर दूर शातोरूला. तेव्हा हा रेल्वेचा तिकीट तपासनीस होता. भुसावळ हे ज्या मध्य रेल्वेचे विभागीय मुख्यालय, तिचाच कर्मचारी. कोल्हापूर, पुणे, मुंबई, ठाणे ही नावे या यादीत येतात. खानदेशाचे नाव यायचे आहे.

आता मूळ प्रश्न. आपल्या मालकीची रायफल घेऊन परदेशी जाता येते का? कायदा वाचला तर उत्तर चक्क उदार आहे. शस्त्र अधिनियमाच्या कलम १०मध्ये आयात-निर्यातीला परवाना सांगितला आहे, पण त्यालाच जोडलेल्या परंतुकात म्हटले आहे, की ज्याला शस्त्र बाळगण्याचा कायदेशीर हक्क आहे तो स्वतःच्या खासगी वापरासाठी वाजवी प्रमाणात शस्त्र व काडतुसे वेगळ्या परवान्याविना देशाबाहेर नेऊ किंवा आत आणू शकतो. खेळासाठी बंदूक आणणाऱ्या परदेशी पर्यटकालाही, ठरावीक देशांचा असेल तर, अशीच मुभा आहे. मेख पुढच्या पोटकलमात आहे. सीमाशुल्क अधिकाऱ्याला शंका आली, तर केंद्र सरकारचा आदेश येईपर्यंत तो हत्यार अडकवून ठेवू शकतो. 'वाजवी' म्हणजे किती, हे विमानतळावर पहाटे तीन वाजता ठरते आणि ठरवणारा माणूस बहुधा या खेळाशी अपरिचित असतो.

ही भीती कल्पनेतली नाही. मे २०१७मध्ये चेक प्रजासत्ताकातल्या प्ल्झेनची स्पर्धा खेळून परतलेल्या भारतीय नेमबाजांना दिल्ली विमानतळावर कित्येक तास ताटकळावे लागले, कारण शस्त्रांची कागदपत्रे पडताळायची होती. देशाच्या संघाची ही गत, तर एकट्याने हौशी स्पर्धेला निघालेल्याची काय असेल! फेब्रुवारी २०२१मध्ये मनू भाकरने दिल्लीहून भोपाळला जाताना विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी अडवल्याची आणि १०,२०० रुपये मागितल्याची तक्रार जाहीर केली. तिच्याकडे परवानगी होती आणि प्रवास देशांतर्गत होता. तेव्हाच्या क्रीडामंत्र्यांनी हस्तक्षेप केल्यावर ती विमानात चढली. ज्याच्या ओळखीचा मंत्री नाही, त्याने काय करायचे, हे कोणी सांगितले नाही.

विमानाचे नियम स्वतः अवघड नाहीत. हत्यार प्रवाशाजवळ केबिनमध्ये येत नाही. ते रिकामे करून, बोल्ट काढून, कुलूपबंद पेटीत मालकप्प्यात जाते. काडतुसे वेगळी बांधायची, माणशी एकूण ५ किलोपर्यंत. पॉइंट टू-टूच्या हिशेबात हे ५० काडतुसांचे पंचवीसेक खोके, म्हणजे साडेबाराशेच्या आसपास. थ्री पोझिशनच्या एका सामन्यात मोजणीचे साठच बार असतात, तेव्हा एवढा साठा रग्गड झाला. एअर रायफलवाल्याची अडचण निराळी: तिच्या सिलिंडरमध्ये २०० बारपर्यंत दाबाची हवा भरलेली असते. ती पूर्ण सोडून, सिलिंडर रिकामा दाखवावा लागतो. सिलिंडरची मुदतही असते. ती संपली तर स्पर्धेच्या तपासणीत बंदूक बाजूला ठेवली जाते, आणि ही जबाबदारी खेळाडूची, आयोजकांची नाही.

मग बंदूक तिथेच भाड्याने का घेऊ नये, असे घरचे विचारतात. नवख्याला चालेल, पण मुरलेल्याला नाही. दस्ता खांद्याला, गालाला, हाताच्या लांबीला मिलिमीटरने जुळवलेला असतो. त्यातून दहा मीटरच्या एअर रायफलचे दहा गुणांचे वर्तुळ जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे! पॉइंट टू-टूत आणखी एक भानगड असते. एकाच कंपनीची, एकाच खोक्यावरच्या नावाची काडतुसे एका 'लॉट'मधून दुसऱ्या लॉटमध्ये बदलतात, आणि प्रत्येक नळीला एखादा लॉट मानवतो, दुसरा नाही. म्हणून नामवंत नेमबाज आपली रायफल घेऊन इंग्लंड-जर्मनीतल्या काडतूस कारखान्यांत जातात, तिथे ती शिकंज्यात बसवून वेगवेगळे लॉट झाडून पाहतात आणि जुळेल तोच विकत घेतात. वरणगावच्या दारात राहणाऱ्या मुलाला काडतुसासाठी बर्मिंगहॅमकडे पाहावे लागते! लष्करी काडतूस आणि स्पर्धेचे काडतूस यांचा धर्मच वेगळा, हे खरे. तरी मनाला लागते.

पलीकडच्या देशाचा कायदा हा या प्रवासातला सर्वात किचकट भाग. ब्रिटनमध्ये परदेशी नेमबाजासाठी तिथल्या रहिवाशाने प्रायोजक म्हणून आधी पोलिसांकडे अर्ज करावा लागतो. तरच बिस्लीच्या प्रसिद्ध मेळाव्यात स्वतःची रायफल नेता येते. डनब्लेनच्या १९९६मधील हत्याकांडानंतर तिथे काडतुसाची पिस्तुले जवळपास बंदच झाली, आणि ब्रिटनच्या स्वतःच्या पिस्तूल नेमबाजांना सरावासाठी देशाबाहेर जाण्याची पाळी आली. अमेरिकेत तात्पुरत्या व्हिसावर आलेल्याला आधी आयातीचा अर्ज मंजूर करून घ्यावा लागतो, सोबत स्पर्धेचे निमंत्रण किंवा शिकारीचा परवाना. कॅनडात जाहीरनामा भरून ६० दिवसांची तात्पुरती मुभा मिळते. युरोपातले रहिवासी आपला युरोपियन फायरआर्म्स पास घेऊन देशोदेशी फिरतात, पण तो आपल्याला मिळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये तर फेल्डशिसेन नावाचा नेमबाजीचा लोकोत्सव भरतो, आणि त्यात एक लाखाहून अधिक माणसे भाग घेतात, गावच्या जत्रेला जावे तशी. विमान मधे कुठे थांबत असेल तर त्या देशाचीही आधी विचारपूस करावी. थांब्यावर मुक्काम पडला आणि पेटी हातात आली, की तिथला कायदा लागू होतो.

एअर रायफलबद्दल एक गैरसमज मोडायला हवा. ०.१७७ इंचापर्यंतची, २० ज्यूलच्या आतली एअरगन भारतात विनापरवाना घेता येते, म्हणून अनेक पालकांना वाटते की तिचे काही अडत नाही. विमान कंपनीच्या नजरेत तीही शस्त्रच असते, आणि जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये शक्तीची मर्यादा आपल्यापेक्षा कमी आहे. स्पर्धेची रायफल साधारण ७.५ ज्यूलची असते, म्हणून ती निभावते. घरात पडलेली जोरकस एअरगन निभावेलच असे नाही.

जळगाव-धुळ्याहून निघणाऱ्याने काय करावे? दोन्ही जिल्ह्यांत पोलीस आयुक्तालय नाही, म्हणून परवाना जिल्हाधिकारी देतात आणि पोलिसांचा अहवाल मागवतात. परवान्याचे वय २१ पूर्ण. त्याखालच्या मुलांना प्रशिक्षणापुरती सवलत आहे, पण ती क्लब आणि प्रशिक्षकाच्या देखरेखीत. परवान्यावर क्षेत्र काय लिहिले आहे ते आधी पाहावे. 'महाराष्ट्र राज्य' एवढेच असेल आणि विमान दिल्लीहून असेल, तर अडचण विमानतळाच्या आधीच सुरू होते. स्पर्धेचे निमंत्रण, राष्ट्रीय संघटनेचे पत्र, हत्याराचा अनुक्रमांक, त्याच्या खरेदीची पावती, हे सर्व एका फाइलमध्ये, दोन प्रतींत. जाताना सीमाशुल्क कार्यालयातून निर्यातीची नोंद करून घ्यावी, म्हणजे परतताना हे हत्यार नव्याने विकत आणले आहे का, असा सवाल उभा राहत नाही. धुळ्याहून मुंबईचा रस्ता रात्रभराचा, जळगावहून रेल्वे. उड्डाणाच्या चार-पाच तास आधी पोहोचता येईल अशीच गाडी धरावी.

सरकारकडून मागायचे फार थोडे आहे. कलम १० आधीपासून आहे, नवा कायदा नको. प्रत्येक आंतरराष्ट्रीय विमानतळावर सीमाशुल्क आणि विमान कंपनी यांच्यासाठी एकच छापील नियमपत्रिका असावी, ती खेळाडूलाही आधी मिळावी, आणि शंका आलीच तर निर्णयाची मुदत तासांत ठरलेली असावी. खानदेशातल्या शाळा-महाविद्यालयांनी दहा मीटरच्या एअर रायफलने सुरुवात करावी. जागा लागते एका लांब खोलीएवढी. आणि पालकांनो, मुलाला परदेशी स्पर्धेचे बोलावणे येईल तेव्हा धावपळ करण्यापेक्षा ही फाइल आजच उघडा. परवान्याला महिने लागतात.