काचेतला समुद्र आणि घरातली ओढाताण

मासे पाळण्याचा शौक आपल्या वस्त्यांना नवा नाही. मानखुर्द, गोवंडी, चेंबूर भागात फिरलात तर एखाद्या सलूनमध्ये, दवाखान्याच्या बाकासमोर किंवा घरात टीव्हीशेजारी काचेची टाकी दिसतेच. त्यात गोल्डफिश, गप्पी, नाहीतर एकटा फायटर. रोज चिमूटभर दाणे टाकले आणि आठवड्याला थोडे पाणी बदलले की काम भागते. मुले रमतात, घरातली वडील माणसे शांतपणे पाहत बसतात.

खाऱ्या पाण्याची टाकी मात्र वेगळे प्रकरण आहे. शौकीन मंडळी तिला ‘रीफ टँक’ म्हणतात. निळ्या दिव्याखाली डोलणारे प्रवाळ, समुद्रफुलात लपणारा नारिंगी क्लाउनफिश (मुले त्याला ‘निमो’च म्हणतात), खडकाच्या फटीतून डोकावणारी कोळंबी. पाहताक्षणी भुरळ पडते. पण काही महिन्यांत सांभाळणाऱ्याची झोप उडते, खिसा रिकामा होतो आणि घरात धुसफूस सुरू होते. बंद करावी म्हटले तर आत जिवंत जीव आहेत. अशा कोंडीत सापडलेल्या घरांसाठी, आणि टाकी आणण्याच्या विचारात असलेल्यांसाठीही, हा लेख आहे.

ओझे नेमके कशाचे?

गोड्या पाण्याचे बरेच मासे पाण्यातला थोडा चढउतार सोसतात. प्रवाळाला तो सोसत नाही. त्याला २४ ते २७ अंश तापमान हवे, खारटपणा समुद्राइतका म्हणजे लिटरला सुमारे ३५ ग्रॅम मीठ हवे, पाण्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी यांचा समतोल हवा. दगडी प्रवाळ आपला सांगाडा याच क्षारांतून बांधतात, त्यामुळे ते सतत कमी होतात आणि सतत भरावे लागतात. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नव्या टाकीत हे जिवाणू रुजायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. तेवढा धीर न धरता मासे सोडले की ते एकामागून एक दगावतात, आणि तिथूनच घबराट सुरू होते.

मग माणूस रोज पाणी तपासू लागतो. आज एक आकडा खाली आला म्हणून एक औषध, उद्या दुसरा वर गेला म्हणून दुसरे. मोबाइलवर परदेशातल्या टाक्या दिसतात. तिथे तपासणीपासून क्षार भरण्यापर्यंत सगळे यंत्र करते. इथे तेच काम एक माणूस नोकरी, दुकान आणि संसार सांभाळून हाताने करत असतो. टाकीपाशी जायचेच नको वाटणे, खर्च घरात लपवणे, नमाजेतही पाण्याचे आकडे आठवणे ही ओझे डोईजड झाल्याची लक्षणे आहेत. ती दिसली तर तो माणूस आळशी किंवा नालायक ठरत नाही. एकट्याच्या आवाक्याबाहेरचे काम त्याने अंगावर घेतलेले असते.

मानखुर्दचे घर आणि टाकीचा हिशोब

हा हिशोब कागदावर मांडून पाहावा. २०० लिटरची टाकी धरा. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. काच, खडक आणि स्टँड मिळून वजन ३०० किलोच्या आसपास जाते. पुनर्वसन इमारतीतल्या २२५ चौरस फुटांच्या खोलीत एवढी वस्तू ठेवायची म्हणजे कुणाची तरी झोपायची जागा जाते.

पाण्याचे पाहू. आठवड्याला दहा टक्के बदलायचे तर २० लिटर. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून ते आरओने गाळून घ्यावे लागते. आरओमध्ये एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर जाते. म्हणजे २० लिटरसाठी ८० लिटर पाणी लागले. शिवाय रोज दोन-चार लिटर पाण्याची वाफ होते, तेही भरायचे. ते भरताना गोडेच पाणी भरायचे, कारण वाफ पाण्याची होते, मीठ मागे राहते. जिथे नळ ठरावीक वेळ येतो आणि हंडे-पिंप भरून ठेवावे लागतात, तिथे हा आकडा घरातल्या बाईच्या डोळ्यांत खुपतो आणि तिचे चुकत नाही. निदान आरओचे वाया जाणारे पाणी पिंपात साठवून फरशी आणि संडास धुण्यासाठी वापरावे. वाहत्या नदीकाठीही वजूचे पाणी उधळू नये ही शिकवण आपल्याला आहे, इथे तर नळाचे पाणी आहे.

आता वीज. दिवे, पंप आणि पाणी थंड करणारा चिलर मिळून दिवसाला तीन-चार युनिट सहज जातात, महिन्याला शंभराच्या वर. लहान घराचे बिल पहिल्या शंभर युनिटांच्या स्वस्त टप्प्यात बसत असेल, तर टाकीमुळे ते पुढच्या महाग टप्प्यात ढकलले जाते. थंड देशांत पाणी तापवायला हीटर लागतो. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत पाणी ३० अंशांच्या पुढे जाते आणि प्रवाळ पांढरे पडतात. हे समुद्रातही घडते. एप्रिल २०२४ मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातील प्रवाळ पांढरे पडण्याची चौथी लाट जाहीर केली आणि त्याच उन्हाळ्यात आपल्या लक्षद्वीपलाही तिचा फटका बसला. अथांग समुद्राला जे जमले नाही, ते एका खोलीत पंख्याच्या वाऱ्यावर जमेल असे मानणे कठीण आहे.

अर्धे ओझे कुणासाठी?

वरच्या यादीकडे पुन्हा पाहा. कॅल्शियम, अल्कलिनिटी, प्रखर दिवे, तापमानाची एवढी काटेकोर बंधने, यातले बहुतेक सगळे माशांसाठी नाही, दगडी प्रवाळासाठी आहे. आणि नेमका हाच जीव घरात ठेवण्याची वाट आपल्या देशात फार अरुंद आहे. दगडी प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे यांना २००१ पासून वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार कडक संरक्षण आहे. आपल्या समुद्रातून ते काढणे, विकणे किंवा बाळगणे गुन्हा आहे. परदेशातून आलेल्या दगडी प्रवाळाचे नाव ‘सायटीस’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे. कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा जिवंत प्राण्यांची सरकारकडे नोंदणी करावी लागते. विकणारा आयातीचे कागद देत नसेल, ‘सगळे असेच घेतात’ म्हणत असेल, तर तो माल घेऊ नये. हलालाच्या कमाईतून संशयाची वस्तू घरात का आणावी?

म्हणून थकलेल्या शौकिनाला पहिला सल्ला हा: प्रवाळ सोडा, मासे ठेवा. खाऱ्या पाण्याची फक्त माशांची टाकी निम्म्याहून कमी कटकटीची असते. क्लाउनफिशला जगायला समुद्रफूल लागतेच असे नाही, एखादा खडक किंवा मडक्याचा तुकडाही त्याला घर म्हणून चालतो. तो टाकीत दहा वर्षांहून अधिक जगू शकतो, एवढे मात्र आणण्यापूर्वी लक्षात ठेवावे. समुद्रातून पकडलेल्यापेक्षा हॅचरीत जन्मलेला मासा घ्यावा, तो टाकीला सरावलेला असतो.

साधेपणाला या शौकात जुना आधार आहे. इंडोनेशियातील जकार्ताचे ली चिन एंग यांनी १९६१ साली आपली पद्धत लिहून प्रसिद्ध केली. त्यात समुद्राचे पाणी, जिवंत खडक, उजेड आणि हवेचे बुडबुडे, एवढेच होते. आजच्या रीफ टँकची सुरुवात अशी महागड्या यंत्रांशिवाय झाली.

जिवाचा हक्क किती, आपली हौस किती?

प्राणी पाळायला इस्लामने मनाई केलेली नाही. लहानग्या अबू उमैरचा पाळीव पक्षी मेला तेव्हा प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्याची आपुलकीने विचारपूस केली, ही हदीस आपल्या मुलांनाही ठाऊक असते. मांजर कोंडून तिला उपाशी मारणाऱ्या स्त्रीची हदीसही तितकीच प्रसिद्ध आहे. दोन्ही मिळून सरळ नियम निघतो: पाळा, पण कोंडलेल्या जिवाचे अन्नपाणी तुमच्या गळ्यात आहे. टाकीतला मासा अमानत आहे. त्याला काय लागते आणि आपल्या हौसेला काय लागते, हे वेगळे केले की डोके हलके होते.

माशाला रोज लागते ते एवढेच: खेळते पाणी, थोडे अन्न, स्थिर तापमान आणि वाफेची भरपाई. आठवड्यातून एकदा खारटपणा आणि नायट्रेट तपासा, पाणी बदला. बाकीचे आकडे रोज पाहायचे सोडून द्या. एका वेळी एकच बदल करा आणि आठवडाभर थांबा. नवा जीव आणणे सहा महिने बंद ठेवा. टाकीत गर्दी कमी असेल तर अर्धे प्रश्न उद्भवतच नाहीत.

आपल्या घरात काही गोष्टींची खास काळजी घ्यावी लागते. जुम्याला लोबान किंवा ऊद जाळतो, तेव्हा टाकीचे झाकण बंद असावे आणि खिडकी उघडी. डासांची कॉइल आणि पेस्ट कंट्रोलची फवारणी मासे आणि कोळंबी यांच्यासाठी जहाल आहे, ती त्या खोलीत नकोच. हाताला अत्तर किंवा साबण असताना पाण्यात हात घालू नये. काही मऊ प्रवाळांत पॅलिटॉक्सिन नावाचे भयंकर विष असते. तो खडक उघड्या हाताने घासू नये आणि गरम पाण्यात तर कधीच टाकू नये. अशा साफसफाईत विषारी वाफ अंगात जाऊन परदेशात अख्खी कुटुंबे रुग्णालयात पोहोचली आहेत. मुलांना याची कल्पना द्यावी.

घरातला मशवरा

टाकी एकाची आणि त्रास सगळ्यांचा, असे असेल तर भांडण ठरलेलेच. एका सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी बसून बोलावे. महिन्याचा खरा खर्च सांगावा, लपवू नये. फरशीवर सांडलेले पाणी आणि स्टँडवर साचणारे मिठाचे पापुद्रे कोण पुसते, तेही विचारावे. उत्तर बहुतेक वेळा अम्मी किंवा सून असेच येते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला दाणे टाकण्याचे आणि थर्मामीटर वाचण्याचे काम द्या. एका डब्यात रोजची मात्रा वेगळी बांधून ठेवली की जास्त टाकले जात नाही. रमजानमध्ये सहरी आणि तरावीहमुळे घराची घडी बदलते, माशांची बदलू नये. दिवा टायमरवर ठेवा आणि दाण्यांची वेळ इफ्तारच्या आधीची ठरवा.

ईदला गावी जाताना काळजी अन्नाची नसते. धडधाकट मोठे मासे तीन-चार दिवस न खाता राहतात. काळजी विजेची असते. १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज अचानक गेली आणि अनेक भागांत कित्येक तास आली नाही. अशा वेळी पाण्यातला प्राणवायू संपतो. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असावा आणि तो कसा लावायचा हे शेजाऱ्याला दाखवून ठेवावे.

टाकी आवरायची ठरली तर

एवढे करूनही जमत नसेल तर टाकी बंद करणे ही हार नाही. जिवाला नीट हाती सोपवले तर अमानत पाळली गेली. आधी नवी खरेदी थांबवा. मग दुकानदाराला किंवा जाणत्या शौकिनाला मासे द्या, पैसे कमी मिळाले तरी चालतील. ते गेल्यावर शेवटी यंत्रे विका.

एक गोष्ट मात्र कधीही करू नये: ‘आझाद केले’ म्हणून मासे खाडीत सोडणे. मानखुर्दशेजारची ठाणे खाडी गढूळ, गाळाची आहे. प्रवाळावरचा मासा तिथे तडफडून मरेल, आणि जगलाच तर नवे रोग घेऊन जाईल. या खाडीचा मोठा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. टाकीतून सुटलेला मासा काय करतो, हे उजनीच्या मच्छीमारांना विचारावे. त्यांच्या जाळ्यात आता सकर मासा येतो, ज्याला बाजारात कुणी विचारत नाही.

ओहोटीचा समुद्र

मुलांना प्रवाळ पाहायचेच असतील तर मुंबईत दुसरी वाट आहे. हाजी अली आणि वरळीच्या खडकांत जिवंत प्रवाळ आहेत. कोस्टल रोडच्या कामासाठी, २०२० साली, महापालिकेने तिथल्या १८ प्रवाळ वसाहती शास्त्रज्ञांच्या मदतीने दुसरीकडे हलवल्या, कारण कायद्याने त्यांना तसेच गाडता येत नव्हते. ‘मरीन लाइफ ऑफ मुंबई’ हा गट ओहोटीच्या वेळी किनाऱ्यावर लोकांना घेऊन जातो आणि खडकांतल्या डबक्यांमधले समुद्रफूल, खेकडे, शंख ओळखायला शिकवतो. मालवणला जाणे झाले तर १९८७ साली घोषित झालेले सागरी अभयारण्य तिथे आहे. जाताना घट्ट तळव्याच्या चपला घाला, भरती-ओहोटीची वेळ पाहून जा, काही उचलून आणू नका.

सूरह रहमानमध्ये मोत्याबरोबर मरजानचा, म्हणजे प्रवाळाचा उल्लेख येतो. ते वाचताना मुलाने विचारले तर त्याला हाजी अलीच्या खडकावर नेऊन दाखवता येईल. आणि घरात टाकी असेलच, तर या रविवारी कागद-पेन घेऊन बसा: पाणी, वीज, पैसा आणि वेळ, चारही रकाने भरा, आणि घरातल्या सगळ्यांना ते वाचू द्या.