कुंडी की साखरेचा साचा?

मुलांनो, बरणी फुटली की तिचे तुकडे आपण कचऱ्यात टाकतो. पण जुन्या भांड्यांचे तुकडे, म्हणजे खापरं, फार कामाची असतात बरं का!

इंग्लंडमधल्या लंडन शहरात थेम्स नदीला भरती-ओहोटी येते. पाणी सुमारे ७ मीटर उतरलं की काठचा चिखल उघडा पडतो. त्यात शेकडो वर्षांपूर्वीची खापरं सापडतात. ती शोधायला परवाना लागतो आणि ३०० वर्षांहून जुनी वस्तू तज्ज्ञांना दाखवावी लागते.

खापर कशाचं, हे ओळखायचं कसं? आधी काठ बघायचा. कागदावर लहानमोठी वर्तुळं काढून काठाची गोलाई कोणत्या वर्तुळाशी जुळते ते पाहायचं. भांड्याचं तोंड केवढं होतं ते लगेच कळतं!

मग झिलई बघायची. समजा, पिवळ्या खापरावर तपकिरी रेघा आहेत, काठाला करंजीसारखी मुरड आहे, चकचकीत झिलई फक्त आतून आहे आणि बुडाला काजळी. म्हणजे ही भट्टीत पदार्थ भाजायची थाळी! इंग्लंडच्या स्टॅफर्डशर भागातले कुंभार अशा थाळ्या घडवत.

आता हे लाल मातीचं खापर पाहा. याला भोक आहे. तुम्ही म्हणाल, "ही तर कुंडी!" पण थांबा. कुंडीचं बूड सपाट असतं. हे खाली भोवऱ्यासारखं निमुळतं होत गेलंय आणि भोक अगदी टोकाला आहे. हा आहे साखरेचा साचा! सतराव्या-अठराव्या शतकांत लंडनच्या कारखान्यांत उकळलेला पाक अशा साच्यात ओतत. पाक थिजला की भोकाचा बोळा काढत. काकवी खालच्या भांड्यात ठिबकून जाई आणि आपल्या गुळाच्या ढेपेसारखी साखरेची टोकदार ढेप तयार होई.

ही साखर यायची कॅरिबियन बेटांवरच्या उसातून. तिथल्या मळ्यांत आफ्रिकेतून जबरदस्तीने आणलेले गुलाम राबत. ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी बंद करणारा कायदा झाला १८३३ साली. खापराला नुसतं 'कुंडी' म्हणून टाकून दिलं असतं, तर त्या माणसांची आठवणही चिखलातच राहिली असती, नाही का?

घरात कपबशी फुटली, तर आईबाबांच्या मदतीने काठाचा तुकडा जपून उचला. धारेने हात कापतो हं! कंपासने वर्तुळं काढा आणि बशी केवढी होती ते शोधा.