मत्स्यालयातून निसटलेलं शेवाळ

१९८४ साली मोनाकोच्या सागरी संग्रहालयाखालच्या समुद्रात हिरव्यागार शेवाळाचा एक पट्टा दिसला. जेमतेम चौरस मीटरभर! कॉलेर्पा टॅक्सिफोलिया मूळचं उष्ण समुद्रातलं, पण मत्स्यालयांत शोभेसाठी जोपासलेला हा वाण थंड पाण्यालाही बधेना. जीवशास्त्रज्ञ आलेक्सांद्र मेनेझ धोक्याचा इशारा देत राहिले आणि दोष कुणाचा, यावर वाद रंगला. शेवाळ काही निकालाची वाट बघत थांबलं नाही. फ्रान्स, इटली, स्पेन असं ते पसरत गेलं.

त्याची रचना अजब आहे. पानांसारखे तुरे, आडवं खोड, मुळांसारखे धागे, हे सगळं मिळून एकच पेशी! आत असंख्य केंद्रकं, पण मध्ये एकही भिंत नाही. तुटलं, तर जखम झटकन बुजते आणि तुकड्यातून नवं शेवाळ वाढतं. बोटीच्या नांगराला किंवा जाळ्याला अडकलेला तुकडा दुसऱ्या बंदरात वस्ती करायला पुरेसा. त्यातल्या कॉलेर्पेनिन या विषारी रसायनामुळे बरेच शाकाहारी जलचर त्याला तोंड लावत नाहीत. माशांची पिल्लं जिथे वाढतात, त्या पोसिडोनिया गवताच्या कुरणांतही ते घुसलं.

कॅलिफोर्नियात ते २००० साली सापडलं. तिथे वाद न घालता ताडपत्र्या अंथरून खाली क्लोरीन सोडला. २००६ मध्ये त्याचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. भूमध्य समुद्रात नंतर ते अनेक ठिकाणी आपोआप ओसरलं, मात्र त्याचं भावंड कॉलेर्पा सिलिंड्रेसिया तिथे आणखी दूरवर पसरलं आहे.