शुगर, डोळ्याचा पडदा आणि मोबाइलमधलं एआय

एआय म्हटलं की आपल्याला चॅटबॉट आठवतो. आज वेगळ्या एआयबद्दल बोलू. हे डोळ्याचा फोटो बघतं आणि डॉक्टरांकडे जायची गरज आहे का, ते सांगतं.

आधी आजार समजून घेऊ. डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला पडदा असतो, म्हणजे रेटिना. शुगर बरीच वर्षं जास्त राहिली की पडद्यातल्या बारीक रक्तवाहिन्या फुगतात, पाझरतात. याला डायबेटिक रेटिनोपथी म्हणतात. गोची अशी की सुरुवातीला दुखत नाही, नजरही नीट असते. मग घरातली मोठी माणसं म्हणतात, "मला समदं दिसतंय की, कशाला दवाखाना?" पण नजर कमी झाल्यावर गेलं, तर झालेलं नुकसान बऱ्याचदा पूर्ण भरून येत नाही. वेळेत कळलं तर लेझर, इंजेक्शन आणि शुगरवर ताबा ठेवून नजर वाचवता येते.

म्हणून वर्षातून एकदा पडदा तपासायचा. पण पाटणच्या डोंगरातून किंवा जतच्या टोकावरच्या गावातून कराड, नाहीतर सांगली-मिरज गाठायचं म्हणजे दिवसाचा रोजगार बुडतो, सोबतीला पोरगंही लागतं. इथं एआय कामाला येतं.

हे शिकतं कसं? डॉक्टरांनी तपासलेले ढीगभर फोटो मॉडेलला दाखवतात. गुगलच्या टीमने २०१६ मध्ये सुमारे १ लाख २८ हजार फोटो वापरले होते. त्यातून कुठल्या फोटोत आजार दिसतो, हे मॉडेल स्वतः ओळखायला लागतं.

आता आपल्या महाराष्ट्रातलं उदाहरण. मुंबई महापालिकेच्या दवाखान्यांत आरोग्य कर्मचाऱ्यांनी स्मार्टफोनवर चालणाऱ्या रेमिडिओ कॅमेऱ्याने फोटो काढले. मेडिओस नावाच्या एआयने ते फोनवरच तपासले, तेही इंटरनेटशिवाय. रेंज नसलेल्या वाडीला हे किती सोयीचं, विचार करा! २०१९ मध्ये निकाल छापून आले. २१३ लोकांत ज्यांना डॉक्टरांकडे पाठवायलाच हवं होतं, ते सगळे एआयने पकडले. म्हणजे १०० टक्के.

थांबा, लगेच टाळ्या नकोत. असे रुग्ण होते फक्त १५. पंधरापैकी पंधरा बरोबर आले तरी आकडेशास्त्र म्हणतं, खरा आकडा ७८ टक्क्यांपर्यंत खालीही असू शकतो. आणि ज्यांना पाठवायची गरज नव्हती, अशा दर १०० मधल्या साधारण १२ जणांना एआयने उगाच "जा" म्हटलं. माझ्या मते हा सौदा परवडतो. एक फेरी फुकट गेली तर चालेल, नजर जायला नको.

दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. फोटो धूसर आला, मोतीबिंदू आड आला, तर एआयला नीट दिसत नाही. आणि जे शिकवलंय तेवढंच ते शोधतं. रेटिनोपथीचं एआय "नॉर्मल" म्हणालं, म्हणजे काचबिंदू नाही असं होत नाही.

म्हणून शिबिरात मशीनने फोटो काढला तर तीन प्रश्न विचारा: फोटो स्पष्ट आलाय का? यात नेमका कुठला आजार तपासला? रिपोर्ट डॉक्टर बघणार का? आणि अचानक कमी दिसायला लागलं, डोळ्यापुढे काळे ठिपके तरंगायला लागले, तर शिबिराची वाट बघू नका, थेट डोळ्यांचे डॉक्टर गाठा.

एपिसोड संपला की घरी एक फोन लावा. आई, आत्या, काका, ज्यांना शुगर आहे त्यांना एवढंच विचारा: पडदा शेवटचा कधी तपासला?