बुरशीजन्य संसर्गावरील प्रतिकारपेशी उपचार

बुरशीजन्य संसर्गावरील प्रतिकारपेशी उपचार म्हणजे गंभीर संसर्ग झालेल्या रुग्णाच्या शरीरात बुरशीशी लढणाऱ्या पेशी बाहेरून सोडण्याची पद्धती होय. औषधे बुरशीला मारतात किंवा तिची वाढ रोखतात. परंतु संसर्ग समूळ नाहीसा होण्यासाठी शरीरातील प्रतिकारपेशींची साथ आवश्यक असते. ज्यांच्या शरीरात अशा पेशी पुरेशा उरलेल्या नसतात, त्या रुग्णांसाठी ही पद्धती विकसित केली जात आहे. ती अद्याप मुख्यतः प्रायोगिक अवस्थेत आहे.

पार्श्वभूमी

ॲस्परजिलस या बुरशीचे बीजाणू हवेत सर्वत्र असतात आणि श्वासाबरोबर फुप्फुसांत जातात. निरोगी व्यक्तीच्या शरीरातील भक्षकपेशी हे बीजाणू गिळून टाकतात, तर न्यूट्रोफिल या श्वेतपेशी बीजाणूंतून फुटणारे तंतू नष्ट करतात. टी-पेशी रासायनिक संदेशांद्वारे या दोन्ही पेशींना बळ देतात. रक्ताच्या कर्करोगावरील औषधोपचारानंतर किंवा मूलपेशी प्रत्यारोपणानंतर न्यूट्रोफिलांची संख्या अतिशय घटते. अशा वेळी बुरशीचे तंतू फुप्फुसांतील रक्तवाहिन्यांत शिरतात आणि औषधे मिळूनही अनेक रुग्णांचा मृत्यू ओढवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या १९ घातक बुरशींच्या यादीत ॲस्परजिलस फ्युमिगेटसचा समावेश सर्वोच्च प्राधान्याच्या गटात आहे.

प्रकार

श्वेतपेशी संक्रमण : निरोगी दात्याच्या रक्तातून न्यूट्रोफिल वेगळ्या करून रुग्णाला दिल्या जातात. त्या अल्पायुषी असल्याने २४ तासांच्या आत वापराव्या लागतात. अमेरिकेत ११४ रुग्णांवर झालेल्या व २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या उपचाराचा एकंदर लाभ सिद्ध झाला नाही. मात्र अधिक मात्रा मिळालेल्या रुग्णांची स्थिती कमी मात्रा मिळालेल्यांपेक्षा चांगली आढळली.

बुरशीविशिष्ट टी-पेशी : दात्याच्या रक्तातील ॲस्परजिलसला ओळखणाऱ्या टी-पेशी निवडून त्या प्रयोगशाळेत वाढवल्या जातात. इटलीतील पेरुजा येथील संशोधकांनी २००५ मध्ये प्रत्यारोपण झालेल्या मोजक्या रुग्णांवर हा उपचार केल्याचे प्रसिद्ध केले.

कार-टी पेशी : यात टी-पेशींवर जनुकीय बदलाने कृत्रिम ग्राही बसवला जातो. ह्यूस्टन येथील एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रातील संशोधकांनी २०१४ मध्ये यासाठी डेक्टिन-१ या नैसर्गिक ग्राहीचा भाग वापरला. हा ग्राही बुरशीच्या पेशीभित्तिकेतील बीटा-ग्लुकन ही शर्करा ओळखतो. जर्मनीतील वुर्झबर्ग येथील संशोधकांनी २०२२ मध्ये ॲस्परजिलस फ्युमिगेटसला लक्ष्य करणाऱ्या पेशींचे उंदरांवरील प्रयोग प्रसिद्ध केले. दोन्ही ठिकाणी उंदरांमधील संसर्ग कमी झाल्याचे आढळले.

मर्यादा

संसर्ग काही दिवसांत बळावतो, तर पेशी तयार करण्यास बहुधा काही आठवडे लागतात. दात्याच्या टी-पेशी रुग्णाच्याच अवयवांवर हल्ला करण्याचा धोका असतो. प्रत्यारोपणानंतर दिली जाणारी स्टिरॉइड औषधे या पेशींना निष्प्रभ करू शकतात. खर्चही मोठा असतो.

भारतातील संदर्भ

२०२१ मध्ये कोविड-१९ च्या साथीत महाराष्ट्रासह देशभर म्युकरमायकोसिस, म्हणजेच ‘काळी बुरशी’ या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. त्यांपैकी बहुतेकांना मधुमेह होता किंवा स्टिरॉइड औषधे दिली गेली होती. अशा रुग्णांत पेशींच्या संख्येपेक्षा त्यांची कार्यक्षमता घटणे महत्त्वाचे ठरते. त्यामुळे रक्तशर्करेचे नियंत्रण, ॲम्फोटेरिसिन-बी आणि शस्त्रक्रिया हेच उपचाराचे मुख्य आधार होते. मुंबईतील आयआयटी आणि टाटा स्मारक रुग्णालय यांच्या सहकार्यातून विकसित झालेल्या नेक्सकार-१९ या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. मात्र तो रक्ताच्या विशिष्ट कर्करोगांसाठी आहे, बुरशीसाठी नाही.