फिरत्या संगीत-प्रदर्शनातील दृक्‌श्राव्य यंत्रणेची आखणी : झाडीपट्टीच्या संगीताच्या संदर्भात

प्रस्तावना :

पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या चार जिल्ह्यांचा प्रदेश ‘झाडीपट्टी’ या नावाने ओळखला जातो. दंडार, खडी गंमत, डाहाका, गोंधळ हे येथील लोककलाप्रकार होत. दिवाळीच्या सुमारास धानाची कापणी सुरू होते, गावोगावी मंडई भरते आणि वडसा (देसाईगंज) येथील नाटकमंडळ्या होळीच्या आसपासपर्यंत गावोगाव प्रयोग करीत फिरतात. या रंगभूमीवरील कार्यासाठी परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाला. परंतु झाडीपट्टीची चर्चा बहुधा नाटक आणि नट यांच्याभोवतीच फिरते. रंगमंचासमोर बसून रात्रभर ऑर्गन व तबला वाजविणारे वादक किंवा खडी गंमतीतील चोनका वाजविणारे हात त्या चर्चेत क्वचितच येतात. हे संगीत प्रदर्शनरूपाने गावोगाव न्यावयाचे झाल्यास दृक्‌श्राव्य यंत्रणेची आखणी कशी असावी, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

फिरत्या प्रदर्शनाची कल्पना आपल्याकडे नवीन नाही. कोलकात्याच्या बिर्ला औद्योगिक व तंत्रज्ञान संग्रहालयाने १९६५ मध्ये बसमधून विज्ञान-प्रदर्शन ग्रामीण भागात नेण्यास प्रारंभ केला. २००७ मध्ये ‘सायन्स एक्स्प्रेस’ ही गाडी सुरू झाली. तथापि विज्ञानाचे प्रारूप डोळ्यांनी समजते, संगीताचे तसे नाही. काचेच्या पेटीतील चोनका पाहून तो कसा बोलतो हे कळत नाही. येथे ध्वनी हीच मुख्य प्रदर्शनवस्तू आहे.

श्रवणाची पद्धती :

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयाने २०१३ मध्ये मांडलेले ‘डेव्हिड बोवी इज’ हे प्रदर्शन २०१८ पर्यंत अनेक देशांत फिरले. त्यात प्रत्येक प्रेक्षकास हेडफोन दिला जाई आणि प्रेक्षक ज्या वस्तूसमोर जाईल तिच्याशी संबंधित ध्वनी त्यात आपोआप ऐकू येई. ही पद्धती प्रभावी असली तरी ती जशीच्या तशी उचलणे झाडीपट्टीत उचित ठरणार नाही. दंडार हा सामूहिक श्रवणाचा प्रकार आहे. शेजारी बसलेल्याची दाद हा त्या अनुभवाचाच भाग होय. कानावर हेडफोन चढविलेले पन्नास ग्रामस्थ एकाच खोलीत परस्परांपासून तुटलेले असतील. म्हणून वाद्यांचे बारकावे ऐकविण्यासाठी मोजके हेडफोन आणि गायन व प्रवेश ऐकविण्यासाठी ध्वनिक्षेपक, अशी मिश्र योजना अधिक योग्य वाटते.

खोलीचा प्रश्न :

मिश्र योजनेत खरी अडचण जागेची येते. गोंदिया शहराला लागून असलेले फुलचूर असो वा देवरी, सालेकसा तालुक्यातील आतले गाव, प्रदर्शनाला मिळणारी जागा म्हणजे समाजभवन किंवा शाळेची मोठी खोली. अशा खोलीचे छत सिमेंटचे, भिंती गिलाव्याच्या आणि फरशी गुळगुळीत असते. तेथे टाळी वाजविली तरी ती घुमत राहते.

या घुमण्याचे गणित हार्वर्ड विद्यापीठातील वॉलेस सॅबिन यांनी १८९५ पासून केलेल्या प्रयोगांतून मांडले. खोलीचे घनफळ घनमीटरमध्ये घेऊन त्यास ०.१६१ ने गुणावे व एकूण ध्वनिशोषणाने भागावे, म्हणजे निनादकाल सेकंदांत मिळतो. १२ मीटर लांब, ८ मीटर रुंद व ३.५ मीटर उंच खोलीचे घनफळ ३३६ घनमीटर आणि सर्व पृष्ठभाग मिळून ३३२ चौरस मीटर होतात. कठीण पृष्ठभागाचा सरासरी शोषणांक ०.०३ धरल्यास एकूण शोषण सुमारे १० चौरस मीटर येते आणि निनादकाल ५.४ सेकंद निघतो. अशा ठिकाणी ढोलकीचा प्रत्येक बोल पुढच्या बोलावर सांडतो आणि शब्द तर कळतच नाहीत.

निनादकाल वाढला की ध्वनिक्षेपकाजवळचा ‘स्वच्छ’ प्रदेशही आक्रसतो. उपरोक्त खोलीत सर्व दिशांना सारखा ध्वनी फेकणाऱ्या क्षेपकापासून अवघ्या ४५ सेंटिमीटर अंतरावर मूळ ध्वनी व घुमणारा ध्वनी समान होतात. त्यापलीकडे खोलीच अधिक ऐकू येते. आवाज वाढवून काहीही साधत नाही, कारण मूळ ध्वनीबरोबर घुमाराही तितकाच वाढतो. हीच चूक सभा-समारंभांतून सर्रास होताना दिसते.

यावर उपाय महाग नाही. सुमारे ५० चौरस मीटर जाड पडदे, रजया व सतरंज्या भिंतींपासून थोड्या अंतरावर टांगल्यास, त्यांचा शोषणांक ०.५ धरता, एकूण शोषण ३५ चौरस मीटरच्या घरात जाते व निनादकाल दीड सेकंदावर येतो. त्यात चाळीस माणसे येऊन बसली, की तो एक सेकंदाच्या जवळपास उतरतो आणि स्वच्छ ध्वनीचा प्रदेश एक मीटरपर्यंत रुंदावतो. सॅबिन यांनी शोषण मोजण्याचे एकक म्हणून उघडी खिडकी घेतली होती, कारण तिच्यातून गेलेला ध्वनी परत येत नाही. शाळेच्या खिडक्या उघडणे हा म्हणूनच फुकटचा उपाय ठरतो. मात्र खिडक्या उघडताच उजेड आत येतो आणि प्रोजेक्टरचे चित्र पुसट होते. दृक् व श्राव्य यांचा असा विरोध येतो तेव्हा संगीत-प्रदर्शनात कानाची बाजू घ्यावी, आणि प्रोजेक्टरऐवजी उजेडातही दिसणारे एलईडी पडदे वापरावेत. प्रोजेक्टर संध्याकाळसाठी राखून ठेवावा.

संध्याकाळचा उघड्यावरील कार्यक्रम :

मोकळ्या पटांगणात निनाद नसतो, पण अंतर हा शत्रू असतो. अंतर दुप्पट झाले की ध्वनीची पातळी ६ डेसिबलने घटते. क्षेपकापासून १ मीटरवर ९० डेसिबल असलेला ध्वनी ३२ मीटरवर ६० डेसिबल उरतो. पुढच्यांचे कान किटवून मागच्यांना ऐकविण्यापेक्षा मध्यावर क्षेपकांची दुसरी जोडी ठेवणे हितावह होय. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणून २० मीटरवरील दुसऱ्या जोडीचा ध्वनी सुमारे ५८ मिलिसेकंद उशिरा सोडावा लागतो, अन्यथा मागच्यांना प्रत्येक शब्द दोनदा ऐकू येतो.

ध्वनिप्रदूषण नियम, २००० अन्वये रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत सार्वजनिक ठिकाणी ध्वनिक्षेपकावर बंदी आहे. सणा-उत्सवांसाठी राज्य शासनास वर्षातून १५ दिवसांपर्यंत मध्यरात्रीपर्यंत सवलत देता येते. प्रदर्शनाचा कार्यक्रम दहाच्या आतच संपवावा. तसेही त्या सुमारास गावात नाटक असेल तर प्रेक्षक तिकडेच जाणार!

वीज व वाहतूक :

पडदे, प्रवर्धक, दिवे व वादक-यंत्रे मिळून १२०० वॅट भार गृहीत धरू. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासांची एक बॅटरी अर्धीच वापरली आणि इन्व्हर्टरची कार्यक्षमता ८० टक्के धरली, तर हा भार सुमारे ३६ मिनिटे चालतो. त्यामुळे वीज गेल्यास पडदे बंद व्हावेत, परंतु ध्वनी व एक दिवा सुरू राहावा, अशी विभागणी मुळातच करणे श्रेयस्कर. चित्र गेले तरी गाणे थांबू नये.

दोन ध्वनिमार्गांचे ४८ किलोहर्ट्झ व २४ बिट दर्जाचे एक तासाचे मुद्रण सुमारे १ गिगाबाइट जागा घेते, म्हणजे संपूर्ण संग्रह एका लहान मेमरी-कार्डात मावतो. फिरती तबकडी असलेली हार्ड डिस्क खड्ड्यांच्या रस्त्यांवर टिकत नाही. जोडण्या स्थानिक ‘साउंड सर्व्हिस’वाल्याकडे मिळतील अशाच निवडाव्यात. नागपूरहून सुटा भाग येईपर्यंत प्रदर्शन बंद राहणे परवडणारे नाही, शिवाय मंडपातील ध्वनीची स्थानिक जाण याच मंडळींना अधिक असते. त्यांना आखणीच्या वेळीच सोबत घ्यावे.

कलावंतांची नावे :

कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९९४ साली झालेल्या दुरुस्तीने कलावंताच्या प्रयोगावरील हक्कास स्पष्ट रूप दिले आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या प्रयोगाचा कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा नैतिक हक्कही मान्य केला. तेव्हा मुद्रणापूर्वी लेखी संमती घेणे, मानधन ठरविणे व प्रत्येक ध्वनीबरोबर वादकाचे नाव येणे हा यंत्रणेच्या रचनेचाच भाग समजावा. जिल्ह्यात मराठीसोबत हिंदी, पोवारी, गोंडी व छत्तीसगढीही बोलली जाते, आणि अनेक ज्येष्ठ श्रोत्यांना पडद्यावरील अक्षरे वाचता येत नाहीत. यास्तव नाव केवळ लिहून भागणार नाही. वादकाने स्वतःच्या आवाजात, स्वतःच्या बोलीत आपले नाव, गाव व वाद्य सांगितलेले दहा-पंधरा सेकंद प्रत्येक मुद्रणाच्या आरंभी जोडावेत, आणि ते गाळून पुढे जाण्याचे बटण यंत्रावर ठेवू नये.