रिकामी ठेवण्यासाठी बांधलेली धरणे

धरण म्हटले की तुडुंब भरलेला जलाशय आपल्या डोळ्यांसमोर उभा राहतो. पण एरवी रिकामीच राहावीत म्हणून बांधलेली धरणेही जगात आहेत. अमेरिकेतील ओहायो राज्यात, ग्रेट मायामी नदीच्या खोऱ्यात, अशी ५ धरणे १९२२ साली पुरी झाली. ती आजही काम करीत आहेत.

१९१३ च्या मार्चमध्ये, ईस्टरच्या सुमारास, तेथे काही दिवस धो धो पाऊस कोसळला. डेटन शहराच्या मध्यवस्तीत २० फुटांपर्यंत पाणी चढले. खोऱ्यात ३५० हून अधिक माणसे दगावली. नागरिकांनी त्याच वर्षी २० लाख डॉलरांवर वर्गणी जमविली आणि आर्थर मॉर्गन या इंजिनियरास पाचारण केले. (हेच मॉर्गन पुढे १९४८ साली आपल्याकडे नेमलेल्या राधाकृष्णन आयोगाचे सभासद होते.)

त्यांची युक्ती कळावयास घरातली मोरी पुरे. घंगाळभर पाणी एकदम ओतले तरी बाहेर जाते ते भोकाच्या बेतानेच. उरलेले घटकाभर तुंबते. या मातीच्या धरणांच्या तळाशी काँक्रीटची वाट ठेवली आहे. तिला दार नाही. एरवी नदी तीतून, जणू धरण नाहीच, अशी वाहते. पूर आला की खालच्या पात्राला पेलेल एवढेच पाणी सुटते. बाकीचे मागच्या शेतांवर पसरते व सावकाश ओसरते. मागे पाण्याची उंची चौपट झाली तरी अशा वाटेतून सुटणारे पाणी सुमारे दुपटीनेच वाढते. आणि दारच नसल्यामुळे ते वेळेवर कोणी उघडले नाही, ही तक्रारही उरत नाही! १९१३ च्या पुराहून ४० टक्के मोठा लोंढा पेलावा, असा मॉर्गन यांचा हिशेब होता.

आपल्याकडे धरण पावसाळाअखेर भरलेले हवे, कारण पुढे आठ महिने पिके आणि नळ त्यावरच चालावयाचे. भरलेल्या धरणात पुराला जागा कोठून मिळणार? ओढाताण आहे ती इथेच. मॉर्गन यांनी ही धरणे साठ्याला किंवा विजेला वापरू दिली नाहीत. तसे करणे खालच्या शहरांना धोक्याचे होईल, असे तेथील फलकावर कोरून ठेवले आहे.

मात्र शहर वाचवावयाचे तर पाणी कोणाच्या तरी जमिनीवर थांबणारच. वरच्या अंगाच्या गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. १९१४ च्या कायद्याने खर्चाचा भार लाभ होणाऱ्या मालमत्तांवर टाकला. धरणांमागची जमीन विकत घेऊन, तीवर पाणी पसरविण्याचा हक्क राखून, पुष्कळशी पुन्हा शेतीसाठी विकण्यात आली. तेथे पूर बहुधा हिवाळा-वसंतात येतात, म्हणून उन्हाळी पीक बहुतेक निभावते. आपल्या पावसाळ्यात हे जमले नसते, हे सांगितले पाहिजे.

ऑसबर्न हे गाव मात्र हफमन धरणाच्या मागे बुडीत क्षेत्रात आले. शेकडो घरे आहेत तशी उचलून दूर उंचावर नेली गेली. १९५० साली ते शेजारच्या फेअरफील्डशी जोडले गेले. दोन्ही नावे मिळून आता त्या गावाला फेअरबॉर्न म्हणतात.